मीठ, व्हिनेगर आणि न चढणारा रंग

पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चामड्याची बाहुली असो की लाकडाची कळसूत्री, तिला रंग वरून द्यायचा असतो. फोमच्या बोलक्या बाहुलीचं तसं नाही. तिच्या अंगावर फ्लीस ताणून बसवतात आणि त्या फ्लीसची मऊ लव दोन तुकड्यांमधली शिवण झाकून टाकते. वरून रंग थापला की लव चिकटते, शिवण उघडी पडते आणि कॅमेऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. म्हणून बाहुल्या करणारे आधी कापडच रंगवून घेतात. १९५५ साली मपेट्स बाहुल्यांचा कर्ता जिम हेन्सन यानं पहिला कर्मिट बाहुला आईच्या टाकून दिलेल्या कोटातून बेतला, तेव्हा हा खटाटोप करावा लागला नाही. कोट आयताच हिरवट निळा होता. बाकीच्यांना पातेलं चुलीवर ठेवावंच लागतं, आणि तिथूनच गैरसमजांना उकळी फुटते.

गैरसमज : फ्लीस पांढरं असलं की त्यावर कुठलाही रंग चढतो.

फ्लीस हे कापडाच्या विणीचं आणि घासून काढलेल्या लवेचं नाव आहे. धागा कशाचा आहे, हे त्यावरून कळत नाही. स्वेटशर्टचं फ्लीस बहुधा सुती किंवा मिश्र असतं. थंडीच्या जॅकेटांचं आणि हलक्या ब्लँकेटांचं पोलर फ्लीस पॉलिएस्टरचं असतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डेन मिल्सनं ते १९७९ मध्ये आणलं. मपेट्समुळे नावाजलेलं ‘अँट्रॉन’ फ्लीस मात्र नायलॉनचं. अँट्रॉन हे मुळात ड्यूपाँटनं आणलेल्या नायलॉन धाग्याचं व्यापारी नाव. हाताला तिन्ही कापडं मऊच लागतात, पण रंगाशी तिघांचं वागणं तीन तऱ्हांचं.

हवेतला ओलावा धागा किती शोषतो, हे बघितलं तरी अंदाज येतो. १०० ग्रॅम सूत साधारण ८ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, नायलॉन ४ ग्रॅम, आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. ज्याला पाणीच आत येऊ द्यायचं नाही, तो पाण्यात विरघळलेला रंग कसा आत घेईल?

मंगळदास मार्केटात किंवा रविवार पेठेत तुकडा घेताना धाग्याची चिठ्ठी क्वचितच लागलेली असते. ‘रंग चढेल की’ हे दुकानदाराचं आश्वासन सद्भावनेचं असतं, तपासलेलं नसतं. चार तंतू चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, मुलांना लांब करून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची राख बोटानं चुरते. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही वितळून त्यांची कडक गुठळी होते. पॉलिएस्टरचा धूर जास्त काळा. या दोघांत घोटाळा होतोच. मग सोपा उपाय असा : बोटभर तुकडा लोकर-रेशमाच्या आम्ल रंगात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास गरम पाण्यात ठेवायचा. रंग पक्का बसला तर नायलॉन. धुताच निघून गेला तर पॉलिएस्टर धरून चाला.

गैरसमज : मीठ आणि व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो.

हा सगळ्यांत चिवट समज, कारण तो अर्धा खरा आहे. पाण्यात सूत आणि सुताचा रंग दोघांवरही ऋण भार असतो, ते एकमेकांना लांब ठेवतात. मीठ तो दुरावा कमी करतं, म्हणून सुती कापडाला मीठ. नायलॉनला आम्लता लागते. आम्लात नायलॉनच्या साखळीतल्या अमिन गटांवर धन भार येतो आणि आम्ल रंगाचा ऋण कण तिथे जाऊन बसतो. तिथे व्हिनेगरचं काम खरंच आहे. पॉलिएस्टरवर असा भार घेणारी जागाच नाही. त्याच्या पातेल्यात मीठ घाला नाहीतर लिंबू पिळा, फरक पडत नाही.

नायलॉनचं पातेलं मात्र बघण्यासारखं असतं. १०० ग्रॅम कोरड्या फ्लीसला ४ लिटर पाणी, मध्यम छटेसाठी १ ग्रॅम रंग, आणि साधारण ८० मिलीलिटर साधं पांढरं व्हिनेगर, तेही दोन हप्त्यांत. कापड आधी ओलं करून कोमट पाण्यात सोडायचं आणि आच हळूहळू वाढवत नेऊन पाणी उकळी फुटायच्या अलीकडे ठेवायचं. घाई केली तर रंग पहिल्या घडीवर झडप घालतो आणि कापडावर ढग उमटतात. सावकाश घेतलं तर अर्ध्या-पाऊण तासात लाल पाणी गुलाबी होतं, मग फिकट, आणि शेवटी पळीत घेतलेलं पाणी जवळजवळ नितळ दिसतं. सगळा रंग कापडात गेलेला असतो. याच पाण्यात पॉलिएस्टर टाकलं असतं तर तासाभरानंतरही पाणी तितकंच लालभडक राहिलं असतं. कापडावर आलेली फिकी गुलाबी झाक दुसऱ्या धुण्याला मोरीत.

गैरसमज : पॉलिएस्टर घरी रंगतच नाही.

रंगतं, पण त्याचे रंग वेगळे. त्यांना डिस्पर्स रंग म्हणतात. ते पाण्यात जेमतेम विरघळतात. बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतात आणि उष्णतेनं धाग्याची साखळी सैल झाली की आत शिरतात. गंमत म्हणजे हे रंग पॉलिएस्टरच्या आधीचे आहेत. १९२० च्या दशकात ते अॅसिटेट रेयॉनसाठी तयार झाले. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये जन्मला १९४१ साली. कारखान्यात हे काम दाबाखाली १३० अंश सेल्सिअसला चालतं. घरच्या पातेल्यात १०० च्या वर जाता येत नाही, म्हणून घरगुती वापराच्या पुड्यांत आणि बाटल्यांत रंगाला आत जायला मदत करणारं रसायन घातलेलं असतं. सतत रटरटतं पाणी आणि तासभर ढवळणं, इतकं केलं तर मध्यम छटा चांगल्या येतात. गडद काळा आणि गडद निळा मात्र घरी बहुधा करडेपणाकडे झुकतो.

इथेच एखाद्या हुशार डोक्यातून कुकर निघतो. कुकरमध्ये १२० अंशांपर्यंत जाता येतं, मग चार शिट्ट्यांत काम होईल, असा हिशोब. तो करू नका. फ्लीसची सुटलेली लव शिट्टीच्या नळीत अडकली तर वाफेला वाट राहत नाही. शिवाय त्याच कुकरात उद्या वरण शिजणार असतं.

गैरसमज : हळद म्हणजे निर्धोक आणि पक्का पिवळा.

निर्धोक आहे, पक्का नाही. हळदीतलं कर्क्युमिन पॉलिएस्टरवरही बऱ्यापैकी चढतं, त्यामुळे पहिल्या दिवशी जिंकल्यासारखं वाटतं. पण पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे कुठल्या मराठी घराला सांगायला हवं? बाहुलीचं तेच होईल. आणि उन्हात तर हा रंग उडतोच. एका दिवसाच्या स्नेहसंमेलनाला चालेल.

गैरसमज : उकळत्या पाण्यात फ्लीस वितळतं.

पॉलिएस्टर वितळायला २५० अंशांच्या पुढे जावं लागतं. खरं नुकसान दुसरंच होतं. गरम कापड दाबून कोंबलं तर घडी तिथेच कायमची बसते, जोरात ढवळलं किंवा पिळलं तर लवेच्या गाठी होतात. मोठं पातेलं घ्या आणि कापड पाण्यातच हळूहळू थंड होऊ द्या. सावलीत वाळलं की मऊ ब्रशनं लव उठवा. इस्त्री फिरवू नका. डिस्पर्स रंग जास्त तापला की त्याची वाफ होऊन तो शेजारच्या कापडावर जातो. मगांवर आणि खेळाडूंच्या जर्सीवर छापतात ते याच गुणावर.

गैरसमज : पातेल्यात दिसतो तोच रंग मिळतो.

ओलं कापड नेहमी गडद दिसतं. शिवाय रंग पारदर्शक असतो, खालची छटा झाकत नाही. पिवळ्या फ्लीसवर निळा चढवला की हिरवं होणार. मूळ रंग ब्लीचनं काढू म्हणाल तर पॉलिएस्टरवर तो सहसा हलत नाही आणि क्लोरीनच्या ब्लीचनं नायलॉन पिवळं पडतं, कमजोरही होतं. रंगाचा अंतिम निवाडा कोरड्या तुकड्यावर आणि ज्या दिव्यांखाली प्रयोग होणार त्याच उजेडात करावा. घरच्या ट्यूबलाइटमध्ये जुळलेले दोन तुकडे रंगमंचावर वेगळे दिसू शकतात.

गैरसमज : आधी बाहुली शिवू, रंग नंतर देऊ.

हे करणाऱ्याची बाहुली फुकट जाते. आतला फोम स्पंजासारखा रंग पितो आणि धुतला तरी कित्येक दिवस तो ओकत राहतो. फोम जोडायला वापरलेला गोंद गरम पाण्यात सुटतो. सुती दोऱ्यानं शिवलेलं असेल तर शिवण वेगळ्या रंगाची होऊन नेमकी डोळ्यांत भरते. तेव्हा डोकं, हात, कान, पापण्या या सगळ्यांना पुरेल इतकं कापड एकाच वेळी, एकाच पातेल्यात रंगवा आणि मगच कातरा. दुसऱ्या खेपेचा रंग पहिल्याशी तंतोतंत जुळवणं कारखान्यांनाही अवघड जातं. गालांची लाली, ठिपके, पट्टे एवढंच काम शिवून झाल्यावर कापडाच्या रंगानं करता येतं, तेही एअरब्रशनं, अगदी पातळ.

भांड्याबद्दल एकच : रंगाला स्टीलचं वेगळं पातेलं आणि वेगळी पळी ठेवा, ती परत स्वयंपाकात आणू नका. अॅल्युमिनियम आम्लाशी झगडतं, ते नको. सुकी पूड मोजताना तोंडावर मास्क आणि हातात मोजे हवेतच, खिडकीही उघडी असू द्या.

आणि रंगवून झालं की ओल्या पांढऱ्या सुती फडक्यानं कापड घासून पाहा. फडक्यावर रंग आला तर अजून साबणाच्या गरम पाण्यातून काढायला हवं. नाहीतर प्रयोगानंतर घामेजलेला हात बाहुलीतून बाहेर निघेल तो रंगीत.

हे सगळं वाचून वाटेल, एवढं करण्यापेक्षा रंगीत फ्लीस विकत घ्यावं. बरोबर वाटतंय. पोपटी, लाल, काळं पॉलिएस्टर फ्लीस बाजारात तयार मिळतं, त्यासाठी गॅस जाळू नये. रंगकाम राखून ठेवा ते नायलॉनसाठी, किंवा कुठल्याच ताग्यात न सापडणाऱ्या त्या एका छटेसाठी. ती जमली की तुकड्याला चिठ्ठी टाचून रंगाचं वजन, पाणी आणि वेळ लिहून ठेवा. बाहुलीचा कान फाटेल तेव्हा ती चिठ्ठी लागेल.