मामांची पेटी

आमच्या घरात कोणी विडी ओढत नाही, तपकीर ओढत नाही, पानात तंबाखूची काडीदेखील घालत नाही. अशा सोवळ्या घराच्या कपाटात पंचवीस क्यूबन सिगारांची पेटी येऊन बसली, याला कारण आमचे मामा.

मामा जहाजावर इंजिनिअर होते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखले आणि डॉक्टरांनी धूर कायमचा बंद केला. त्याच आठवड्यात ते दादरला आमच्याकडे आले आणि पेटी माझ्या हाती देत म्हणाले, "टाकून द्यायला मन होत नाही, आणि घरात ठेवली तर मन आवरत नाही. तू सांभाळ. पंचाहत्तरीला एक बाहेर काढू."

या पेटीला म्हणतात ह्यूमिडॉर. नावावरून मी ताडले की सिगाराला ओल लागते. झाकणाच्या आत स्पंजची एक डबी होती. जून लागताच मी ती नळाच्या पाण्याने तुडुंब भरली, आणि पुढे दर रविवारी, तुळशीला पाणी घालावे तशा निष्ठेने भरत राहिलो. गोकुळाष्टमीला झाकण उघडले, तो पावसात राहिलेल्या चपलेसारखा वास आला! सात सिगारांवर हिरवट बुरशी चढली होती. ते सातही टाकून द्यावे लागले.

वाचकहो, दुसऱ्याची ठेव आपल्या हातून नासावी, यासारखी नामुष्की नाही. आठ दिवस मी मामांचा फोन टाळला. अखेर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळे सांगून टाकले. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, बॉयलरवरच्या पोरांना मी जन्मभर एकच गोष्ट शिकवली. आधी काटा बघ, मग पाणी घाल."

तेव्हापासून मी काटा बघायला शिकलो.

सिगाराला हवी असते ती ओल नव्हे, स्थिरता. हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तपमान १८ ते २० अंश सेल्सिअस, हे त्याचे सुख. त्याहून कोरडी हवा झाली की पान तडकते. फार दमट झाली की बुरशी. नागपूरच्या उन्हाळ्यात पेटीला पाणी द्यावे लागेल. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा पाणी बाहेर ठेवावे लागते. पाणी द्यायची वेळ आलीच, तर तेही ऊर्ध्वपातित हवे, नळाचे नव्हे.

काटा, म्हणजे आर्द्रतामापक, खरे बोलतो की नाही हे स्वयंपाकघरात तपासता येते. बाटलीच्या बुचात मीठ घ्यावे, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे, आणि बूच व मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवावेत. सकाळी काटा ७५ दाखवील तर खरा. माझा ६८ दाखवीत होता! म्हणजे सात टक्के खोटे बोलत होता. आता स्पंज गेला. त्याच्या जागी ओल शोषणारी आणि गरजेप्रमाणे परत देणारी ६५ टक्क्यांची तयार पुडी आली आहे.

पेटीच्या आतले लाकूड 'स्पॅनिश सीडर'. हे झाड ना स्पेनचे, ना देवदाराच्या कुळातले. ते मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेचे आणि कॅरिबियन बेटांचे. नाते महोगनीशी, आणि आपल्या कडुनिंबाशीही! ते ओल पोटात घेते, हळूहळू सोडते आणि आपला वास सिगाराला देते.

दुसरा शत्रू म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. त्याची अंडी पानातच असू शकतात. उकाडा वाढला की फुटतात आणि सिगाराला टाचणीएवढी भोके पडतात. आमच्या सौभाग्यवतीने चित्र पाहताच त्याला ओळखले. "अहो, हा तर हळकुंडात होतो!" आणि ते खरेच आहे, तंबाखू, हळद, मिरची, सारे त्याला चालते. म्हणून सिगार घट्ट पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर काढले. एकदम थंडीत घातले किंवा एकदम उकाड्यात आणले, तर पान चिरते.

एवढी उस्तवार कशासाठी? तर लोणच्याप्रमाणे सिगारही मुरतो. वळण्याआधी पान ढिगाऱ्यात आंबवलेले असते. पेटीत ते काम संथपणे पुढे चालते. अमोनियाचा उग्रपणा उडून जातो, चव गोलसर होते. मात्र सौम्य सिगार फार वर्षे ठेवला तर फिका पडतो. आणि मुरल्याने उग्रपणा जातो, विष जात नाही. डॉक्टरांचा हुकूम जुन्या सिगारालाही लागू आहे.

मामा एक गोष्ट नेहमी सांगतात. फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबाच्या व्यापारबंदीवर सही करण्याआधी अध्यक्ष केनेडींनी आपले प्रसिद्धिसचिव पिअर सॅलिंजर यांना हजारभर सिगार गोळा करायला सांगितले. त्यांनी १,२०० आणले, मगच सही झाली. ही हकीकत खुद्द सॅलिंजर यांनीच पुढे लिहिली. "मिळवणे एका रात्रीचे काम," मामा म्हणतात, "सांभाळायला वर्षे लागतात."

यंदा मामांची पंचाहत्तरी झाली. पंगत उठल्यावर मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. मामींचा चेहरा उतरला. मामांनी एक सिगार उचलला, बोटांनी हलकेच दाबला, नाकाशी धरून डोळे मिटले. खोलीत कोणी बोलेना.

"छान मुरतोय," ते म्हणाले, आणि सिगार होता तिथे ठेवून त्यांनी झाकण लावले. "आता ऐंशीला बघू."

मामींनी पदराने डोळे पुसले. मी काटा पाहिला. ६५.