डबीला खिट्टी नव्हती

यंत्राचा भाग काढता यावा आणि एरवी तो तसूभरही हलू नये, या दोन मागण्या एकमेकींच्या सवतीच! १९८१ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘सिंक्लेअर झेडएक्स ८१’ या स्वस्त घरगुती संगणकाने हे चांगलेच प्रत्ययास आणून दिले. त्याची अंगची स्मृती अवघी १ किलोबाइट. म्हणून १६ किलोबाइटची एक डबी पाठीमागे सर्किट बोर्डाच्या उघड्या कडेवर खोचावी लागे. तिला धरून ठेवणारी खिट्टी मात्र नव्हती. कळ दाबताना यंत्र जरा हलले, की डबी डुले, स्पर्श तुटे आणि तासन्‌तास खपून टंकलेला प्रोग्राम क्षणात पुसला जाई. विजेच्या आधारावर टिकणारी ती स्मृती. संपर्क पुन्हा जुळला तरी गेलेले कोठून परत येणार? लोक बिचारे डबीला चिकटपट्ट्या लावून बसत.

पुढे १९९०च्या दशकात ‘डिम’ नावाच्या स्मृतिपट्ट्या आल्या. १६८ स्पर्शांच्या पट्टीत ८४ एका अंगास, ८४ दुसऱ्या अंगास. खालच्या कडेच्या खाचा मुद्दाम विषम अंतरावर ठेवल्यामुळे पट्टी उलटी बसतच नसे. खोबणीतील लवचिक पाती तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरीत. पट्टी पुरती खाली गेली, की दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपण होऊन मिटत. आणि त्याच बाहेर ओढल्या, की पट्टी अलगद वर येई.