बऱ्हाणपुरात इंटिरियर डेकोरेटर व्हायचंय?

पहिला धडा किल्ल्यात घ्यावा. तापीकाठच्या शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर मोगल काळातली रंगीत वेलबुट्टी अजून टिकून आहे. छताचा आकार, रंग आणि पाणी यांचा एकत्र विचार तिथे जसा उमगतो, तसा मोबाइलवरच्या फोटोंतून उमगत नाही. वही घेऊन जा, रेखाटनं करा.

शिक्षण : या कामाला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. मात्र १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार नोंदणीशिवाय स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही, हे व्हिजिटिंग कार्ड छापण्याआधी लक्षात ठेवा. बारावीनंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) फर्निचर व इंटिरियर डिझाइनची पदवी घेता येते. प्रवेश परीक्षेतून मिळतो.

साहित्य : खरी परीक्षा इथेच असते. कोरड्या खोलीतल्या कपाटाला आयएस (भारतीय मानक) ३०३ चा एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारा, प्लाय चालतो. सिंकखाली, जिथे सतत ओल असते, तिथे आयएस ७१० चा मरीन प्लायच घ्या आणि शिक्का स्वतः तपासा. काही महिने एखाद्या जाणत्या सुताराच्या हाताखाली काढाच. बिजागरी, सनमायका, पॉलिश तिथेच कळतं. पडद्यांच्या कापडाची जाण यायला यंत्रमागांच्या या गावाइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

हिशेब : डिझाइनची फी, मजुरी आणि साहित्य वेगवेगळं लिहून द्या. विजेचे पॉइंट फॉल्स सीलिंगआधी ठरवून त्यावर घरमालकाची सही घ्या.