कुलूप भाषेतच हवं
खेळता खेळता मराठी : भाग ६

दुबईच्या ट्रॅममध्ये कुणीतरी कापडी पिशवी विसरून गेलं आहे. आत एक चिठ्ठी, एक यादी आणि एक जुना फोन. फोनवर एकच ध्वनिमुद्रित निरोप. संशय तिघांवर आहे : एक मावशी, कॉलेजात जाणारा एक दादा आणि एक आजोबा. पिशवी कुणाची आणि ती पोचवायची कुठे, एवढं अर्ध्या तासात शोधून काढायचं.

दुबई मरीनात राहणाऱ्या मराठी मुलांसाठी मी रचलेली ही डिजिटल एस्केप रूम. नावाला खोली, प्रत्यक्षात एक गूगल फॉर्म. एका भागाचं उत्तर बरोबर आलं, तरच पुढचा भाग उघडतो. मागच्या भागात आपण कागदावरचे खेळ पाहिले. या वेळी पडद्यावरची कुलपं कशी घडवायची ते पाहू.

हा प्रकार मुळात पडद्यावरच जन्मला. जपानच्या तोशिमित्सु ताकागी यांचा ‘क्रिम्झन रूम’ हा खेळ २००४ मध्ये आला. बंद खोली, माउसने चाचपडायचं, किल्ली शोधायची. २००७ मध्ये क्योटोत ‘स्क्रॅप’ या संस्थेने माणसांना खऱ्याखुऱ्या खोलीत आणलं आणि तिथून हे वेड जगभर पसरलं. ते पुन्हा पडद्यावर परतलं टाळेबंदीत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाने हॅरी पॉटरच्या जगावर साधा गूगल फॉर्म बनवला आणि तो घरोघरी खेळला गेला. शिक्षकांनी त्यातून घ्यावं ते हे, की महागडी साधनं लागत नाहीत. लागते ती गोष्ट आणि नेमकी अडवणूक.

अडवणूक कशाची करायची, इथे बहुतेक खोल्या फसतात. भाषेच्या वर्गासाठी म्हणून बनवलेल्या कितीतरी खोल्यांमध्ये मुलं बेरजा करतात, चित्राचे तुकडे जुळवतात, रंग मोजतात. सूचना तेवढ्या मराठीत. सूचना न वाचताही कुलूप उघडत असेल, तर त्या अर्ध्या तासात मराठी झालीच नाही. मरीनातल्या मुलांच्या बाबतीत तर हा अर्धा तास फार मोलाचा. शाळा इंग्रजीत, अरबी पहिलीपासून नववीपर्यंत सक्तीची, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत वर हिंदी. मराठी घरात कानावर पडते, पण उत्तर इंग्रजीत जातं. २०२२ पासून तिथला आठवडा बदलला, शनिवार-रविवार सुटी झाली आणि शनिवारची सकाळ मराठीला मिळाली. ती रंग मोजण्यात घालवायची नाही.

म्हणून प्रत्येक कोड्याला मी एक कसोटी लावते : मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला, तर उत्तर मिळतं का? मिळत असेल तर कोडं बाद.

पिशवीतल्या चिठ्ठीत दोनच वाक्यं आहेत. ‘मी मरीना मॉलला उतरलो. पिशवी सीटखाली ठेवली होती.’ इंग्रजी भाषांतरात उतरणारा माणूस बाई की पुरुष ते कळत नाही, मराठीत ते क्रियापदातच बसलेलं असतं. ‘उतरलो’ म्हणजे मावशी सुटली, उरले दादा आणि आजोबा. पण मुलं इथे हमखास अडखळतात, आणि अडखळावीत म्हणूनच दुसरं वाक्य घातलं आहे. ‘ठेवली’ दिसलं की अर्धी मुलं ओरडतात, “बाई आहे, बाई!” मग कुणीतरी म्हणतं, “पण उतरलो लिहिलंय ना?” एकाच माणसाने एकदा ‘उतरलो’ आणि एकदा ‘ठेवली’ कसं लिहिलं? पाच-दहा मिनिटं यावर खल चालतो. शेवटी उमगतं की ‘ठेवली’ पिशवीशी बांधलेलं आहे, ठेवणाऱ्याशी नाही. आजोबांनी पिशवी ठेवली, आजोबांनी डबा ठेवला, आजोबांनी पुस्तक ठेवलं. कर्मणी प्रयोग हे नाव मी त्यानंतर सांगते, तेही विचारलं तर. व्याकरणाच्या पुस्तकात हा धडा वाचून दाखवला असता, तर कुणी मान वर केली नसती.

पुढच्या फेरीसाठी बाईने लिहिलेली चिठ्ठी करायची असेल, तर ‘उतरले’ लिहा. पण नागपूरकडच्या घरातलं मूल ‘मी उतरली’ ऐकत वाढलेलं असतं. त्याच्या आईची मराठी चुकीची आहे, असं कुलपाने कधीही सांगू नये. दोन्ही रूपं चालतील अशीच वाट ठेवा.

दादा की आजोबा, हे फोनवरच्या निरोपातून ठरतं, आणि तिथे मरीनाची रचनाच कामाला येते. मरीना म्हणजे वाळवंट खोदून आत घेतलेला सुमारे तीन किलोमीटरचा कालवा, दोन्ही काठांवर मनोरे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला शेख झायेद रोड आणि मेट्रो. निरोपात आवाज येतो : ‘मेट्रो पलीकडे राहिली. मी पूल ओलांडून अलीकडे आलोय.’ ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. मेट्रो पलीकडे, म्हणजे बोलणारा समुद्राच्या काठावर. दादा राहतो मेट्रोच्या बाजूला, आजोबा समुद्राच्या. आता पिशवी कुणाची ते सांगायला नको. मुलांना कालवा रोज दिसतो, त्यामुळे नकाशा डोक्यात तयारच असतो आणि सगळं बळ शब्दांवर लावता येतं. तुमचा वर्ग लंडनमध्ये असेल तर थेम्स घ्या, सांगलीत असेल तर कृष्णा. मुलांच्या पायाखालची जागा घ्या, एवढंच माझं म्हणणं.

पिशवी पोचवायची कुठे, ते यादीत दडलं आहे. परदेशी वाढणाऱ्या मुलांना सगळ्यात जड जातं सामान्यरूप. शब्दाला प्रत्यय लागताना तो आतून बदलतो, हे घरात ऐकून अर्धंच अंगवळणी पडतं. यादीत लिहिलं आहे : ‘मासा + ला, दुसरं अक्षर. देऊळ + त, तिसरं अक्षर.’ माशाला, देवळात. शा आणि ळा. पिशवी शाळेत जायची आहे. ज्याने ‘मासाला’ लिहिलं त्याच्या हाती ‘साळा’ येतो आणि फॉर्म पुढे सरकत नाही. चूक कुठे झाली ते मूल स्वतःच शोधतं, मला तोंड उघडावं लागत नाही. असं कोडं रचायला वेळ लागतो, हे मान्य. चुकीचं रूप लिहिलं तर कोणतं उत्तर तयार होईल, तेही आधी लिहून पाहावं. चुकीच्या वाटेनेही नेमकं तेच अक्षर मिळत असेल, तर ते कोडं काहीच शिकवत नाही. आमच्या यादीतला ‘देऊळ’ त्या दृष्टीने कच्चा आहे, कारण ‘देऊळात’ लिहिलं तरी तिसरं अक्षर ‘ळा’च येतं. सगळा भार ‘मासा’ उचलतो. मोठ्या मुलांसाठी दोन्ही शब्द कसाचे घ्यावेत.

सांकेतिक लिपीचं आकर्षण सगळ्यांनाच असतं आणि आपल्याकडे त्याला जुनी परंपरा आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकं जपले. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. मुलांसाठी मात्र मी चची भाषाच घेते. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च लावायचा : पाणी म्हणजे ‘चणीपा’, मला म्हणजे ‘चलाम’. यात अक्षर म्हणजे काय, काना-मात्रेसकट एक उच्चार, हे कानाला पक्कं कळतं. रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्या मुलांना याची गरज फार. पण अशी कोडी एका खोलीत एकच. त्याहून जास्त झाली की मुलं उलगडण्याच्या यंत्रासारखी चालतात, अर्थाकडे लक्ष राहत नाही.

आता कुलपाच्या आतल्या भागाकडे. गूगल फॉर्ममध्ये लघुउत्तराचा प्रश्न घ्या, तीन ठिपक्यांवरून उत्तराच्या पडताळणीचा पर्याय निवडा आणि अपेक्षित उत्तर लिहा. इंग्रजीसाठी एवढं पुरतं, मराठीसाठी नाही. समजा, उत्तर ‘वाऱ्यावर’ आहे. यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो : काही कळफलक त्यासाठी वेगळा ‘ऱ’ वापरतात, काही साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, फॉर्मला वेगळे. मुलाने बरोबर लिहिलं आणि कुलूप उघडलं नाही, तर त्याचा भाषेवरचा विश्वासच उडतो. ‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्यामुळे अ आणि चंद्र वेगवेगळे टाइप करणारे अजून खूप आहेत. ‘१२’ आणि इंग्रजी अंकांतला बारा हेही यंत्राच्या लेखी निराळे. पडताळणीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ निवडलं, की उभी रेघ मारून दोन-तीन रूपं शेजारी शेजारी देता येतात. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही माफ करता येते. उत्तर एकदा फोनवरून आणि एकदा लॅपटॉपवरून टाइप करून पाहिल्याशिवाय खोली मुलांपुढे ठेवू नका.

शुद्धलेखनाचं काय? साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम आपण मानतो आणि ते मुलांपर्यंत पोचायलाच हवेत. पण ज्या कुलपाचा विषय सामान्यरूप आहे, तिथे ‘विहिरीत’मधला ‘हि’ दीर्घ झाला म्हणून दार बंद ठेवू नये. एका कुलपाने एकच गोष्ट तपासावी. ऱ्हस्व-दीर्घाचं वेगळं कुलूप करा आणि तिथे खुशाल कडक राहा.

एवढं सगळं जमलं तरी एक अडचण उरते आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. चिठ्ठी मराठीत, निरोप मराठीत, आणि चौघं मुलं आपसांत सगळी चर्चा इंग्रजीत करतात. ओरडून, दंड लावून हे बदलत नाही. उपाय आहे माहिती वाटून देण्याचा. चौघांना एकच फॉर्म न देता चार निरनिराळ्या लिंक द्या. एकाकडे फक्त चिठ्ठी, दुसऱ्याकडे फक्त निरोप, तिसऱ्याकडे यादी, चौथ्याकडे तिघा संशयितांचे पत्ते आणि ट्रॅमच्या स्थानकांचा नकाशा. उत्तर भरायचा फॉर्म चौथ्याकडेच. आता ‘उतरलो’ हा शब्द जसाच्या तसा मराठीत वाचून दाखवावाच लागतो, कारण इंग्रजीत सांगितला की त्यातला पुरुष गायब होतो. ‘थांब, परत वाच’, ‘शेवटी लो आहे की ले?’, ‘तुझ्याकडे काय लिहिलंय?’ ही वाक्यं सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दुसऱ्या खोलीपासून ती काढून टाकली तरी चालतं. लिंक वाटताना चौथी, फॉर्मची, नेहमी त्या मुलाला द्या जे वर्गात सगळ्यात कमी बोलतं. तिघांनाही मग त्याच्याशीच बोलावं लागतं.