जिथे गावच सरकार आहे : अमेरिकेतले व्हरमाँट

३ ऑगस्ट १९२३. पहाटेचे २ वाजून ४७ मिनिटे. डोंगरातल्या एका लहानशा खेड्यात, वीज नसलेल्या घराच्या बैठकीच्या खोलीत रॉकेलचा दिवा तेवत होता. त्या उजेडात वडील शपथेचे शब्द सांगत होते आणि मुलगा ते म्हणत होता. शपथ संपली तेव्हा मुलाच्या हाती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे आली होती!

मुलाचे नाव कॅल्विन कूलिज. ते तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते आणि सुटीसाठी वडिलांकडे आले होते. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचे दूर कॅलिफोर्नियात निधन झाल्याची बातमी घेऊन माणूस रात्री दारात आला, कारण घरात टेलिफोन नव्हता. वडील नोटरी होते, म्हणून शपथ त्यांनीच दिली. त्यानंतर नवे राष्ट्राध्यक्ष पुन्हा झोपायला गेले.

हे खेडे म्हणजे प्लिमथ नॉच आणि ते ज्या राज्यात आहे त्याचे नाव व्हरमाँट. अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती आणि आठपदरी रस्ते येतात. व्हरमाँटमध्ये यातले फारसे काही नाही. तिथे डोंगर आहेत, लाकडी छताचे पूल आहेत, पांढऱ्या रंगाची चर्च आहेत आणि मुख्य म्हणजे गावे आहेत.

चौदा वर्षांचा स्वतंत्र देश

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला लागून हे राज्य आहे. नाव फ्रेंच भाषेतून आले, अर्थ ‘हिरवा डोंगर’. क्षेत्रफळ सुमारे २५ हजार चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी ६ लाख ४३ हजार. सर्वांत मोठ्या शहराची, बर्लिंग्टनची वस्ती ४५ हजारांच्याही आत. राजधानी मॉन्टपेलिअरमध्ये तर जेमतेम ८ हजार माणसे राहतात. अमेरिकेतली ही सर्वांत लहान राजधानी!

युरोपीय लोक येण्यापूर्वी इथे अबेनाकी हे मूळ रहिवासी राहत होते. पुढे या जमिनीवर शेजारच्या न्यूयॉर्क आणि न्यू हॅम्पशायर या दोघांनी हक्क सांगितला. शेतकऱ्यांनी दोघांनाही नकार दिला आणि १७७७ मध्ये स्वतःचे स्वतंत्र राष्ट्रच जाहीर केले. या चिमुकल्या देशाने स्वतःची तांब्याची नाणीही पाडली. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने प्रौढ व्यक्तीला गुलाम म्हणून ठेवण्यास मनाई केली आणि मतदानासाठी पुरुषांना मालमत्तेची अट ठेवली नाही. १७९१ मध्ये व्हरमाँट अमेरिकेत चौदावे राज्य म्हणून सामील झाले. पण ‘आमचे आम्ही बघू’ हा स्वभाव मात्र सुटला नाही.

मार्चमधला पहिला मंगळवार

हा स्वभाव पाहायचा असेल तर मार्च महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी एखाद्या गावात जावे. त्या दिवशी गावची सभा भरते. आपल्याकडच्या ग्रामसभेसारखीच, पण इथे गावकरी केवळ ऐकायला येत नाहीत, निर्णयही तेच घेतात. शाळेच्या सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात. रस्त्यांवरचा बर्फ काढायला किती पैसे द्यायचे, अग्निशमन दलाला नवा बंब घ्यायचा का, वाचनालयाला किती मदत करायची, या एकेका खर्चावर चर्चा होते. कोणीही उभे राहून प्रश्न विचारावा. मग हात वर करून किंवा आवाजी मतदानाने निकाल लागतो. पुष्कळ ठिकाणी दुपारी घरोघरचे पदार्थ एकत्र मांडून जेवण होते. सकाळी कराच्या आकड्यावरून भांडलेले दोघे दुपारी शेजारी बसून जेवतात.

मार्चच का? तर डोंगरातली थंडी ओसरू लागलेली असते, पण जमीन अजून गोठलेली असल्याने कच्च्या रस्त्यांवरून ये-जा करता येते. पुढे बर्फ वितळला की गुडघाभर चिखल होतो. या काळाला तिथे ‘चिखलाचा ऋतू’ असेच म्हणतात! त्यानंतर शेतीची घाई सुरू होते.

प्रसिद्ध चित्रकार नॉर्मन रॉकवेल १९३९ ते १९५३ या काळात व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टन गावी राहत. गावच्या सभेत एक शेतकरी उभा राहिला आणि इतरांना न पटणारे मत त्याने मांडले. सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. या प्रसंगावरूनच रॉकवेल यांना ‘फ्रीडम ऑफ स्पीच’ हे चित्र सुचले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेले हे चित्र पुढे अमेरिकेत घराघरांत पोहोचले. या सभा केवळ गटारी-रस्त्यांपुरत्या राहत नाहीत. १९८२ मध्ये दीडशेहून अधिक गावांनी आपल्या सभांत अण्वस्त्रवाढ थांबवावी असा ठराव केला आणि त्याची दखल देशभर घेतली गेली.

परक्यांना सांभाळणारी गावे

अशा गावांत नवख्या माणसाचे काय होते? याची दोन उदाहरणे आहेत.

पहिले आपल्या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचे. त्याची पत्नी ब्रॅटलबरो परिसरातल्या घराण्यातली. लग्नानंतर १८९२ मध्ये तो इथे आला आणि जवळच्या डमरस्टन गावी त्याने घर बांधले. त्या घराचे नाव चक्क ‘नौलखा’! बाहेर हातभर बर्फ साचलेला असताना मध्य भारताच्या रानातला मोगली याच परिसरात कागदावर उतरला. ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण मेव्हण्याशी झालेले भांडण कोर्टात गेले, त्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि १८९६ मध्ये कंटाळून किपलिंगने व्हरमाँट सोडले.

दुसरे उदाहरण रशियन लेखक अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांचे. मायदेशातून हद्दपार झालेले हे नोबेल विजेते १९७६ मध्ये कॅव्हेंडिश गावी राहायला आले. घराभोवती त्यांनी कुंपण घातले, तेव्हा शिकारीला जाणाऱ्या गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली. सोल्झेनित्सिन १९७७ साली स्वतः गावच्या सभेत गेले आणि कुंपण का घालावे लागले हे त्यांनी समजावून सांगितले. गावाला ते पटले. पुढे त्यांचे घर शोधत येणाऱ्यांना गावातले लोक पत्ता सांगत नसत. १९९४ मध्ये रशियाला परतण्यापूर्वी हा मितभाषी माणूस पुन्हा त्याच सभेत गेला आणि त्याने गावाचे आभार मानून निरोप घेतला.

मेंढ्या, गाई आणि झाडाचा रस

या गावांचे पोट कशावर चालत आले? १८४० च्या सुमारास इथे माणसे तीन लाखांच्या आत आणि मेरिनो मेंढ्या तब्बल १७ लाखांच्या आसपास होत्या! कुरणांसाठी डोंगर उघडे बोडके झाले. मग लोकरीचा भाव घसरला, मेंढपाळी पश्चिमेकडे गेली आणि व्हरमाँट दुधाकडे वळले. सोडून दिलेल्या कुरणांवर हळूहळू रान माजले. आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुन्हा जंगलाखाली आहे. शरद ऋतूत लाल-केशरी झालेली हीच झाडे पाहायला पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगा लागतात. त्यांना डोंगर नीट दिसावेत म्हणून १९६८ च्या कायद्याने रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या मोठ्या फलकांवर बंदी आली.

या जंगलाचे गोड देणे म्हणजे मेपलचा पाक. हिवाळा संपताना, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब असे दिवस आले की मेपलच्या खोडातून पाण्यासारखा रस येतो. तो आटवताना आपल्या गुऱ्हाळाची आठवण यावी अशीच लगबग असते. सुमारे ४० लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. गरम पाक स्वच्छ बर्फावर ओतून मुले तो गोळा करून खातात आणि गोड जास्त झाले की तोंडी लावायला आंबट लोणच्याची काकडी असते! अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास मेपल पाक एकटे व्हरमाँट तयार करते.

आता पुढे काय?

चित्र इतके गोजिरे असले तरी गावांची चिंता खरी आहे. १९४० च्या दशकात राज्यात ११ हजारांच्या आसपास दुग्धशाळा होत्या. आज त्या काही शेकड्यांवर आल्या आहेत. दुधाच्या दरात खर्च निघत नाही, मुले शिकून बाहेर जातात. पटसंख्या घटल्याने २०१५ च्या कायद्याने लहान शाळांच्या व्यवस्थापनांचे एकत्रीकरण सुरू झाले आणि अनेक गावांच्या सभेतून शाळेच्या खर्चाचा विषयच निघून गेला. कोविडच्या काळात, २०२१ साली पुष्कळ गावांनी सभेऐवजी मतपत्रिका वापरल्या. काहींना तीच सोय बरी वाटू लागली. घरबसल्या मत देता येते, हे खरे; पण शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून आपले मत बदलण्याची संधी मतपत्रिका देत नाही.

शेजाऱ्याची किंमत कळते ती संकटात. १९२७ च्या महापुरात व्हरमाँटमध्ये ८४ माणसे दगावली आणि बाराशेहून अधिक पूल वाहून गेले. २०११ च्या ‘आयरीन’ वादळात १३ गावांचा रस्त्याने संपर्क तुटला, तेव्हा बाहेरून मदत येण्याआधी गावकऱ्यांनीच वाटा मोकळ्या केल्या आणि चुली एकत्र केल्या. जुलै २०२३ मध्ये मॉन्टपेलिअरची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि बरोबर वर्षाने राज्यात पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा चिखल उपसायला फावडी घेऊन आले ते आसपासचे लोकच. एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे असली की कोणत्या घरात म्हातारे जोडपे एकटे आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही.

प्लिमथ नॉच आज राज्याने जपलेले स्मारक आहे. कूलिज यांच्या वडिलांनी इतरांबरोबर सुरू केलेल्या चीजच्या कारखान्यात अजूनही चीज बनते. गावच्या दफनभूमीत, आप्तांच्या ओळीत, एका साध्या दगडाखाली राष्ट्राध्यक्ष विसावले आहेत. ज्या खोलीत शपथ झाली तीही तशीच आहे. गावाला मोठे होता आले नाही, याची खंत तिथे कुठे दिसत नाही. मार्च आला की घडीच्या खुर्च्या पुन्हा मांडल्या जातील. त्यावर बसायला माणसे यावीत, एवढीच या गावांची इच्छा आहे.