दारात नवी डिफेंडर उभी करायची ऐपत आहे, तरी जुनी लँड रोव्हर विकवत नाही. असं का होतं?

रविवारी सकाळी चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलात की भूगाव यायच्या आधीच गाड्यांची रांग सुरू होते. कुणी ताम्हिणीला निघालेलं असतं, कुणी लवासाला, कुणी नुसतं मुळशीला भजी खायला. रांगेत थार असतात, फॉर्च्युनर असतात आणि हल्ली डिफेंडरही असते. बावधनपासून पिरंगुटपर्यंत बंगले आणि सोसायट्या झाल्यापासून या रस्त्याला महागड्या गाड्यांचं नवल राहिलेलं नाही.

पण याच रांगेत कधीतरी पंधरा वर्षं जुनी, चौकोनी डिस्कव्हरी दिसते. अशा गाड्यांच्या मालकांना एकच प्रश्न कायम विचारला जातो, नवी का घेत नाही? आणि उत्तरही ठरलेलं असतं, जुन्या गाडीची बात नव्या गाडीत नाही.

हा निव्वळ हट्ट आहे का? थोडा आहे. पण सगळा नाही.

आधी डिफेंडरचं बघू, कारण वादाचं मूळ तिथं आहे. पहिली लँड रोव्हर ३० एप्रिल १९४८ ला ॲम्स्टरडॅमच्या मोटर शोमध्ये आली. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर. म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची केली. डिफेंडर हे नाव १९९० मध्ये मिळालं, पण गाडीचा सांगाडा तोच राहिला. २९ जानेवारी २०१६ ला सोलिहलच्या कारखान्यातून शेवटची जुनी डिफेंडर बाहेर पडली, तेव्हा एकूण आकडा २० लाखांच्या पुढं गेला होता.

नवी डिफेंडर सप्टेंबर २०१९ मध्ये दाखवली गेली. ती सोलिहलमध्ये नाही, तर स्लोव्हाकियातल्या नित्रा इथं बनते. आणि जुने मालक बिथरले.

बिथरण्याचं कारण दिसण्यात कमी, खालच्या बांधणीत जास्त होतं. जुन्या गाडीला लॅडर फ्रेम, म्हणजे खाली शिडीसारखी चेसिस आणि वर ठेवलेली बॉडी. ट्रकला असते तशी. दोन्ही बाजूंची चाकं एका अखंड ॲक्सलला जोडलेली. एक चाक दगडावर चढलं की तोच ॲक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, त्यामुळं ते जमीन सोडत नाही. खडकाळ वाटेवर हे भारी चालतं. डांबरी रस्त्यावर मात्र गाडी डुलते आणि हाडं खिळखिळी करते.

नव्या गाडीत ही शिडीच नाही. ॲल्युमिनियमची मोनोकॉक, म्हणजे चेसिस आणि बॉडी एकजीव. प्रत्येक चाकाला वेगळं सस्पेन्शन.

मग नवी गाडी डोंगरात कमी पडते का? तर अजिबात नाही. एअर सस्पेन्शन वर उचललं की तिचा ग्राउंड क्लिअरन्स २९१ मिमी होतो. पाण्यातून ती ९०० मिमी खोलीपर्यंत जाऊ शकते, जुनी ५०० मिमीपर्यंत. कोणत्या चाकाला किती ताकद द्यायची हे कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळं नवखा ड्रायव्हरही जिथं जुनी गाडी घालायला घाबरला असता तिथून नवी बाहेर काढतो. कामगिरीवर वाद घालणारे जुने मालक इथं हरतात, आणि बऱ्याच जणांना ते मनातून मान्यही आहे.

त्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. गाडी बंद पडली तर ती कोण दुरुस्त करणार?

याचं आपल्या देशातलं उत्तम उदाहरण दार्जिलिंगकडं आहे. मानेभंजनहून संदकफूला जाणाऱ्या तीसेक किलोमीटरच्या खड्या चढावर जुन्या लँड रोव्हर प्रवासी घेऊन धावत आल्या आहेत. २०१८ मध्ये लँड रोव्हरला ७० वर्षं झाली तेव्हा कंपनीनं या गाड्यांवर खास फिल्म केली, त्या वेळी तिथं अशा चाळीसेक गाड्या होत्या. यातल्या कित्येकींत मूळ इंजिन जाऊन महिंद्राचं बसलंय. पाना, हातोडी आणि डोकं असलेला गावातला मेकॅनिक एवढ्यावर त्या चालल्या. नव्या डिफेंडरमध्ये असं काही करायचा विचारसुद्धा करता येत नाही, कारण लॅपटॉप जोडल्याशिवाय तिचं दुखणं कळत नाही.

जगातले काही मालक तर यापुढं गेले. ब्रिटिश अब्जाधीश जिम रॅटक्लिफ यांनी जुन्या डिफेंडरच्या धाटणीची गाडी स्वतःच बनवायला घेतली. शिडीची फ्रेम, अखंड ॲक्सल, बीएमडब्ल्यूचं इंजिन. नाव इनिऑस ग्रेनेडियर. लँड रोव्हरनं जुन्या आकाराचा ट्रेडमार्क मिळवायचा प्रयत्न केला, पण २०२० मध्ये ब्रिटनच्या कोर्टात त्यांना ते जमलं नाही.

सगळ्या कंपन्यांनी शिडी सोडली असंही नाही. २०१८ च्या नव्या मर्सिडीज जी क्लासनं फ्रेम ठेवली, मागचा अखंड ॲक्सल ठेवला, फक्त पुढं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. टोयोटानं २०२१ च्या लँड क्रूझरमध्येही फ्रेम कायम ठेवली, मात्र ४.५ लिटरचं व्ही ८ डिझेल इंजिन काढून ३.३ लिटरचं व्ही ६ बसवलं. नवं इंजिन ताकदीला जास्त आणि गाडी वजनाला हलकी. तरी व्ही ८ वाले अजून उसासे टाकतात. इथं मात्र हट्टच म्हणायचा.

आता आपल्याकडचा पेच बघू. भारतात कंपनीनं जुनी डिफेंडर अधिकृतपणे विकलीच नाही, ती पहिल्यांदा आली २०२० मध्ये आणि तीही नवी. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली, २००९ मध्ये मुंबईत शोरूम उघडलं आणि २०११ पासून पुण्यात फ्रीलँडर २ ची जुळणी सुरू झाली. म्हणजे भूगावच्या रस्त्यावर जी ‘जुनी लँड रोव्हर’ दिसते ती बहुतेक वेळा डिस्कव्हरी ३ किंवा ४, फ्रीलँडर, नाहीतर रेंज रोव्हर असते.

आणि या काही पान्या-हातोडीवर चालणाऱ्या गाड्या नव्हेत. २००४ ची डिस्कव्हरी ३ घ्या. खाली फ्रेम आहे, पण वर एअर सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आणि लँड रोव्हरनं याच गाडीत पहिल्यांदा दिलेलं टेरेन रिस्पॉन्स. इंजिनाचं मोठं काम निघालं तर अनेक गॅरेजवाले फ्रेमवरून अख्खी बॉडी उचलून बाजूला ठेवतात. थोडक्यात, साधेपणा जुन्या डिफेंडरचा आणि नाव मात्र सगळ्याच जुन्या लँड रोव्हरना लागलं.

इथंच खिशाचा विषय येतो. नव्या क्रेटाच्या पैशात रेंज रोव्हर, अशा रील तुम्हीही बघितल्या असतील. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली आणि तिथल्या अशा गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. गाडीची किंमत उतरते, पण पार्टची उतरत नाही. एअर स्प्रिंग, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स यांचे भाव त्या मूळ महागड्या गाडीचेच राहतात.

त्यात सरकारी फी. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून साध्या कारला ५ हजार, तर आयात केलेल्या कारला ४० हजार रुपये लागू झाले. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना हेच दर दुप्पट, म्हणजे १० हजार आणि ८० हजार झाले. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांनंतरचा पर्यावरण कर वेगळा. त्यामुळं आरसी बुकात गाडी आयात म्हणून नोंदली आहे की इथं जोडलेली, हे टोकन द्यायच्या आधी बघा.

नव्याचं गणितही बदललंय. २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्यात बनवायची घोषणा झाली. ब्रिटनबाहेर या गाड्या बनायची ही पहिलीच वेळ. स्पोर्टची सुरुवातीची किंमत १.६९ कोटींवरून १.४० कोटींवर आली. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव आणखी पडतो, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

तरीही जीव जुन्या गाडीतच अडकला असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. गाडी संध्याकाळी सपाट जागी लावायला सांगा आणि सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी जाऊन बघा. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर हवा गळतेय, आणि ती भरून काढताना कॉम्प्रेसरही दमत आलाय असं समजा. मग रॅम्पवर चढवून चेसिस बघा. ॲल्युमिनियमचा पत्रा गंजत नाही, पण खालची पोलादी फ्रेम गंजते, आणि मुळशीचा पाऊस तिला सोडत नाही. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून किंमत सांगा.