शब्द कधी ऐकू येऊ लागले?
(लेखांक ६ : आर.ई.एम.)

आर.ई.एम.विषयी एक मत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. आय.आर.एस. या छोट्या कंपनीत होता तोवर हा बँड गूढ आणि अस्सल होता. १९८८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सशी करार झाला आणि बाजारासाठी तो सोपा, स्वच्छ झाला. पुरावा म्हणून मायकल स्टाइपच्या आवाजाकडे बोट दाखवलं जातं. आधी त्याचे शब्द कळत नसत, नंतर लख्ख कळू लागले. निरीक्षण बरोबर आहे, पण त्याचं श्रेय किंवा दोष वॉर्नरच्या पदरात टाकता येत नाही, कारण सालांचा हिशेब जुळत नाही.

जॉर्जियातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० मध्ये जमलेल्या या चौघांचा पहिला पूर्ण अल्बम ‘मर्मर’ १९८३ चा. त्याआधी कंपनीने स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर त्यांची चाचणी घेऊन पाहिली. त्याने ‘कॅटपल्ट’ हे गाणं पुन्हापुन्हा वाजवून घेतलं, वर कीबोर्डही चढवला. बँडला ते मुळीच रुचलं नाही आणि काम मिच ईस्टर व डॉन डिक्सन यांच्याकडे गेलं. त्यांनी पीटर बकची झंकारणारी गिटार आणि माइक मिल्सचा बेस यांच्यामध्ये स्टाइपचा आवाज असा बसवला, की तो गायकापेक्षा चौथं वाद्य वाटावा. ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी त्या वर्षी ‘थ्रिलर’लाही मागे टाकून हाच अल्बम सर्वोत्तम ठरवला. म्हणजे अस्पष्टता ही कच्चेपणाची खूण नव्हती, ती विचारपूर्वक केलेली निवड होती.

हा पडदा दूर झाला १९८६ मध्ये, ‘लाइफ्स रिच पेजंट’वर. जॉन मेलनकॅम्पचे अल्बम करणाऱ्या डॉन गेमनने ड्रम ठणठणीत केले आणि गायकाला पुढे आणलं. पुढच्याच वर्षी ‘डॉक्युमेंट’मधलं ‘द वन आय लव्ह’ अमेरिकेत पहिल्या दहांत पोचलं. हे दोन्ही अल्बम आय.आर.एस.चेच.

यावर कुणी म्हणेल, विक्रीची भूक छोट्या कंपनीलाही असतेच. मोठ्या करारापर्यंत नेणारी ती पायरी होती. वॉर्नरसाठी केलेल्या पहिल्या अल्बममधली, ‘ग्रीन’मधली, काही गाणी मोठ्या सभागृहांसाठी बेतल्यासारखी वाटतात, हेही कबूल करायला हवं. पण भुकेचंच राज्य असतं, तर यशाची नक्कल झाली असती. झालं उलटंच. १९९१ चं ‘लूझिंग माय रिलिजन’ मँडोलिनवर उभं आहे. बक ते वाद्य तेव्हा नुकतंच शिकत होता, आणि रेडिओला हवं असतं तसं ठसठशीत ध्रुवपदही त्यात नाही. ते गाणं जगभर वाजत असताना हे चौघे दौऱ्यावर निघालेच नाहीत. पुढच्या वर्षी आला मृत्यू आणि वियोगाभोवती फिरणारा, संथ ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’. आणि १९९४ च्या ‘मॉन्स्टर’मध्ये गिटारच्या खरखरीत स्टाइपचा आवाज त्यांनी पुन्हा बुडवला, तोही वॉर्नरच्याच शिक्क्याखाली.

छापील शब्दांचा इतिहास तर याहून बोलका आहे. ‘ग्रीन’वर त्यांनी एकाच गाण्याचे शब्द छापले. सगळ्या गाण्यांचे शब्द पहिल्यांदा छापले ते १९९८ च्या ‘अप’वर. तोवर ड्रमर बिल बेरी बँड सोडून गेला होता आणि अमेरिकेतली विक्री उतरणीला लागली होती.